ब्लू स्क्रीन: फॉरमॅट मारण्याआधी

संगणक असा होता: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, सुरुवातीपासूनच्या ८ जीबीच्या दोन रॅम आणि नंतर बसवलेल्या त्याच वेगाच्या पण वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन, म्हणजे एकूण ३२ जीबी डीडीआर४. शिवाय ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, बेताचे ग्राफिक कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) आणि विंडोज ११. तक्रार नेहमीचीच. दिवसातून एकदा-दोनदा ब्लू स्क्रीन यायची, म्हणजे विंडोज अचानक थांबून निळ्या पडद्यावर बिघाडाचा कोड दाखवायचे. कधी व्हिडिओ चालू असताना, कधी एक्सेलमध्ये, तर दोनदा चक्क कुणी माऊसला हातही लावलेला नसताना. दुकानातून मिळालेला सल्लाही नेहमीचाच: फॉरमॅट मारा.

तो मारला नाही, आणि इथून पुढचे सगळे काम त्या एका ‘नाही’वर उभे आहे. डिस्कवर जाणारा प्रत्येक बाइट आधी रॅममधून जातो. रॅम बिघडलेली असेल, तर नव्याने टाकलेले विंडोजसुद्धा त्याच बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर उतरते. सिस्टम फाइल चेकर, चेकडिस्क वगैरे ‘दुरुस्त्या’ही तिथूनच लिहिल्या जातात. तरी बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या उपायांच्या यादीत या लिहिणाऱ्या गोष्टी सर्वांत वर असतात आणि मेमरीची चाचणी तळाशी. आम्ही यादी उलटी केली: आधी फक्त वाचणाऱ्या तपासण्या, लिहिणाऱ्या दुरुस्त्या सगळ्यांत शेवटी. आणि एका वेळी एकच बदल. वहीत तारीख, वेळ, काय चालू होते, कोणता कोड आला आणि त्याआधी काय बदलले होते, एवढे पाच रकाने आखले.

पहिले काम म्हणजे क्रॅशचा पुरावा टिकवणे. विंडोज मुळातच ब्लू स्क्रीननंतर आपोआप रिस्टार्ट होते, त्यामुळे कोड वाचायला वेळ मिळत नाही. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून रनच्या चौकटीत ‘सिस्डीएम.सीपीएल’ उघडायचे, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये जायचे, ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढायची आणि खाली ‘स्मॉल मेमरी डंप’ (क्रॅशच्या क्षणाची छोटी नोंद) निवडायचा. ही २५६ केबीची फाइल सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातल्या ‘मिनिडंप’मध्ये साठते, आणि प्रत्येक क्रॅशची वेगळी राहते. इथे दोन गोष्टी हमखास आड येतात. कुणीतरी ‘वेग वाढेल’ म्हणून पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) बंद केलेली असते. तिच्याशिवाय डंप लिहिला जात नाही, म्हणून ती सी ड्राइव्हवर सिस्टमच्या मर्जीवर सोडावी. दुसरी गोष्ट म्हणजे आठवड्याला आपोआप चालणारी ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर. ती हे डंप कचरा समजून पुसतात, आणि महिनाभर क्रॅश होणाऱ्या संगणकाचा मिनिडंप फोल्डर कोरा निघतो.

फास्ट स्टार्टअपही बंद केले. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या पानावर ती खूण असते. ती चालू असली की शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअर वगैरे सांभाळणारे छोटे प्रोग्रॅम) पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ‘काल रात्री बंद करून आज चालू केला’ या वाक्याला मग काहीच अर्थ उरत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अपटाइम’ पाहिला की फसवणूक लक्षात येते. आठवडाभर रोज बंद केलेला संगणक तिथे सहा दिवस चालू असल्याचे दाखवतो. रिस्टार्ट मात्र खराखुरा असतो.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. तिथे प्रत्येक क्रॅशनंतर ‘केर्नेल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसते आणि लोक ‘पॉवर’ हा शब्द वाचून एसएमपीएस बदलायला धावतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. कामाची गोष्ट आत, डिटेल्स टॅबमध्ये ‘बगचेककोड’ या ओळीत असते. तिथे शून्य असेल तर ब्लू स्क्रीन आलीच नाही. वीज तुटली, बटण दाबून बंद केला किंवा संगणक जागच्या जागी गोठला. शून्य नसेल तर तो ब्लू स्क्रीनचा कोड, पण दशमान पद्धतीत. पडद्यावरचा आणि डंपमधला कोड सोळा पायाच्या पद्धतीत असतो, त्यामुळे इथला २६ म्हणजे तिथला १ए, ५९ म्हणजे ३बी, ८० म्हणजे ५०, २९२ म्हणजे १२४. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोड आहे, तो यासाठीच वापरावा. हा घोळ न कळल्यामुळे भलत्याच कोडचे उपाय करत बसलेली माणसे थोडी नाहीत.

पाच दिवसांत वहीत सहा नोंदी झाल्या. मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, सिस्टम सर्व्हिस एक्सेप्शन, पुन्हा मेमरी मॅनेजमेंट, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आणि सहावा केर्नेल सिक्युरिटी चेक फेल्युअर. सहा क्रॅश, पाच वेगळे कोड. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पाच कोड म्हणजे पाच रोग वाटतात. प्रत्यक्षात हा विस्कळीतपणाच सगळ्यांत बोलका पुरावा असतो. बिघडलेला ड्रायव्हर सहसा त्याच त्या जागी, त्याच कोडने पडतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले, तेव्हा सगळीकडे एकच ड्रायव्हर आणि एकसारखाच क्रॅश होता. सेफ मोडमधून एक फाइल उडवली की संगणक चालू. रॅममधला एक बिट उलटतो तेव्हा मात्र त्या जागी त्या क्षणी जे ठेवलेले असेल ते बिघडते. कधी ग्राफिक ड्रायव्हरचा तुकडा, कधी मेमरीचा हिशेब, कधी ब्राउझरमधले चित्र. चित्राचा एक ठिपका बिघडला तर कुणाला कळतही नाही. म्हणून ‘अधूनमधून’.

काही कोड मात्र थेट बोट दाखवतात. १२४, म्हणजे डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर, ही प्रोसेसरने स्वतः नोंदवलेली हार्डवेअरची चूक असते. प्रोसेसर, त्याचे व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) किंवा पीसीआय एक्स्प्रेसवरचे कार्ड, असा शोध तिथून सुरू करावा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचा जास्त व्होल्टेजमुळे होणारा बिघाड कंपनीने २०२४मध्ये मान्य केला आणि बायोसमधून (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली. त्या पिढीचा संगणक असेल तर बायोस अद्ययावत आहे का हे सर्वांत आधी पाहावे. ११६, म्हणजे व्हिडिओ टीडीआर, हा ग्राफिक कार्डाने ठरलेल्या वेळेत उत्तर न दिल्याचा कोड. ती मुदत मुळात अवघ्या दोन सेकंदांची आहे. आपल्या वहीत यातले काहीच नव्हते.

डंप उघडायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘विनडीबीजी’ घेतले. फुकट आहे. नेट चालू हवे, कारण सिम्बॉल फाइली (डंपमधल्या पत्त्यांना नावे देणाऱ्या) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून उतरतात. पहिला डंप उघडताना काही मिनिटे जातात, तेवढा धीर धरावा. डंप उघडल्यावर खालच्या ओळीत ‘!ॲनलाइझ -व्ही’ हा हुकूम द्यायचा. जे निघते त्यातल्या दोन ओळी फसव्या आहेत. ‘प्रोसेस नेम’समोर क्रोम दिसले म्हणजे क्रोम दोषी नव्हे, पडताना प्रोसेसर त्याच्यासाठी काम करत होता, इतकेच. आणि ‘इमेज नेम’समोर ‘एनटी केर्नेल’ दिसले म्हणजे विंडोज खराब नव्हे. केर्नेल, म्हणजे विंडोजचा गाभा, हा चौकातला पोलीस आहे. अपघात त्याच्यासमोर झाला म्हणून त्याचे नाव पंचनाम्यात येते. निळ्या पडद्यांची यादी दाखवणारी छोटी सॉफ्टवेअर जवळजवळ दर वेळी याच पोलिसाला आरोपी करतात.

आपल्या कामाचा डंप होता मेमरी मॅनेजमेंटचा. त्या कोडसोबत चार पॅरामीटर येतात. पहिल्यात ४१७९२ होते. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार त्याचा अर्थ पेज टेबलमधली, म्हणजे मेमरीचे कोणते पान कुठे आहे या यादीतली, एक नोंद बिघडलेली सापडली. दुसरा पॅरामीटर म्हणजे त्या नोंदीचा पत्ता, आणि तिसऱ्या-चौथ्यात त्या नोंदीतला मजकूर. ही नोंद रिकामी, म्हणजे सगळी शून्ये असायला हवी होती. तिसऱ्या पॅरामीटरमध्ये निघाले १००००००. सोळा पायाचा हा आकडा बिटांमध्ये मांडला तर त्यात एकच १ आहे, शून्यापासून मोजल्यास चोविसाव्या जागी. सॉफ्टवेअर चुकते तेव्हा सहसा आख्ख्या आकड्याच्या जागी दुसराच आकडा लिहिते. चौसष्ट बिटांतला नेमका एक बिट उलटणे ही हार्डवेअरची सही. दुसऱ्या मेमरी मॅनेजमेंटच्या डंपातही पहिला पॅरामीटर तोच आणि उलटलेला बिटही चोविसावाच निघाला. तेव्हा संशय संपला, तपास सुरू झाला.

विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे ‘एमडीशेड’, आम्ही चालवली नाही. तिने चूक दाखवली तर ती खरी मानावी, पण ‘काही सापडले नाही’ या तिच्या उत्तरावर भरवसा ठेवू नये; तिची नेहमीची फेरी फार वरवरची आहे. चालवायचीच तर सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडावी. खरी चाचणी पेनड्राइव्हवरून बूट होणाऱ्या मेमटेस्ट८६ किंवा मुक्तस्रोत मेमटेस्ट८६+ची. दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर आहेत, नावे सारखी. पहिल्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्यांची मर्यादा आहे, दुसरे थांबवेपर्यंत चालते. मेमटेस्ट८६+ची सहाव्या आवृत्तीच्या आधीची जुनी इमेज घेऊ नका, ती यूईएफआयवर (नव्या पद्धतीच्या बायोसवर) बूट होत नाही. ४-८ जीबीचा कोणताही पेनड्राइव्ह चालतो, पण तो तयार करताना त्यावरचे सगळे पुसले जाते, आणि तो शक्यतो दुसऱ्या, धडधाकट संगणकावर तयार करावा.

बायोसमध्ये शिरण्यापूर्वी एक खबरदारी. विंडोज ११च्या बऱ्याच संगणकांवर डिस्क एन्क्रिप्शन (बिटलॉकरचे कुलूप) मालकाला न विचारताच चालू झालेले असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएमची (किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपची) सेटिंग हलली, बायोस अपडेट केले किंवा सीमॉसचा (बायोसच्या सेटिंग टिकवणारा) सेल काढला की पुढच्या बूटला बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी उघडून कागदावर उतरवावी. बायोस अपडेट करताना बिटलॉकर तात्पुरते थांबवावे. रॅमची चूक शोधता शोधता स्वतःच्याच डिस्कबाहेर कुलूपबंद होणे, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

पहिली चाचणी रात्रभर चारही रॅम आणि एक्सएमपी (रॅमला वाढीव वेग देणारी बायोसमधली सेटिंग) चालू, म्हणजे संगणक रोज जसा चालायचा तसाच ठेवून घेतली. दुसऱ्या फेरीत टेस्ट ७ला लाल ओळी उमटल्या. हवे होते ००००००००, सापडले ०१००००००. पुन्हा चोविसावा बिट. या चाचणीत पास होण्याची टक्केवारी नसते. एक चूक म्हणजे नापास. अपवाद फक्त शेवटच्या हॅमर चाचणीचा. ती रॅमच्या एकाच ओळीवर मुद्दाम घाव घालत बसते, आणि फक्त तिथेच चूक आली तर रोजच्या वापरात ती कधी दिसेलच असे नाही.

मग एक्सएमपी बंद. ही पायरी बरेच जण गाळतात आणि चांगली रॅम परत पाठवतात. पाकिटावर ३२०० लिहिले असले तरी आमच्या या रॅमचा मूळचा वेग २६६६ आणि व्होल्टेज १.२ होते, ३२०० हा एक्सएमपीचा वेग, १.३५ व्होल्टवरचा. तो चालेल की नाही हे रॅमइतकेच प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर आणि मदरबोर्डवर अवलंबून असते. एक्सएमपी काढल्यावर चुका पूर्ण थांबल्या, तर रॅम कदाचित ठीक आहे आणि वेग झेपत नाही. आपल्याकडे चुका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. बिटही तोच. म्हणजे चारपैकी एका रॅममध्ये खरोखरचा दोष.

कोणत्या, हे चुकीच्या पत्त्यावरून ओळखता येत नाही. ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे रॅम दोन वाटांनी वापरली जाते तेव्हा, पत्ते दोन्ही बाजूंना आलटून पालटून वाटलेले असतात. त्यामुळे एकेक काढूनच पाहावे लागते. संगणक बंद, भिंतीवरचे बटण बंद, वायर काढली, मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवले म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली. पावसाळ्यात तिचा धोका कमी. डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून रॅमला हात लावणे टाळावे. रॅम काढताना कागदी चिकटपट्टीवर १, २, ३, ४ असे आकडे टाकून चिकटवले. जुन्या १ आणि २, नव्या ३ आणि ४. ही चिकटपट्टी नसेल तर तिसऱ्या अदलाबदलीनंतर कोणती कुठली, हे देवालाही सांगता येत नाही.

इथे खोडरबराविषयी. रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने घासून परत बसवणे हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय, आणि कित्येकदा संगणक त्याने सुरू होतोही. पण बरे वाटते ते बहुधा रॅम काढून घट्ट बसवल्यामुळे. खोडरबर सोन्याचा पातळ मुलामा झिजवतो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, न सुटणाऱ्या धाग्याचा कपडा, टोकाच्या दिशेने दोन हात, आणि पूर्ण वाळू देणे, एवढे पुरते. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरधाव फिरते आणि बेअरिंगची वाट लागते.

एकेक रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून तपासली. एकच रॅम असेल तर ती तिथेच बसवायची असते. बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलची तार आधी पहिल्या स्लॉटवरून जाऊन दुसऱ्यापाशी संपते. शेवटचा स्लॉट रिकामा राहिला तर तिथून सिग्नल उलटा परततो आणि गोंधळ घालतो. दोन रॅम असतील तर त्याच कारणाने दुसरा आणि चौथा स्लॉट. ८ जीबीच्या एका रॅमच्या चार फेऱ्यांना साधारण दोन तास लागले. १ पास, २ पास, ३ नापास, ४ पास. ३ क्रमांकाची रॅम चौथ्या स्लॉटमध्ये लावली, तरी नापास. १ क्रमांकाची परत दुसऱ्या स्लॉटमध्ये, पास. शेवटच्या या दोन फेऱ्या टाळाव्याशा वाटतात, पण त्यांच्याशिवाय दोष रॅमचा की स्लॉटचा हे ठरत नाही. स्लॉट दोषी ठरला असता तर प्रोसेसर काढून त्याच्या खालच्या पिना आणि कूलरचा दाब तपासावा लागला असता. एका बाजूला जास्त आवळलेल्या कूलरमुळेही एक आख्खे चॅनेल गायब होते.

३ आणि ४ बाजूला ठेवून १ आणि २वर, ३२००च्या एक्सएमपीसह संगणक दहा दिवस चालवला. एकही ब्लू स्क्रीन नाही. वहीतल्या नोंदींप्रमाणे आधीचा सर्वांत लांब शांत काळ दीड दिवसांचा होता, म्हणून दहा दिवस. दोन दिवस ठीक चालला म्हणून ‘झाले दुरुस्त’ म्हणणे घाईचे; जुन्या अंतराच्या पाच-सहा पट तरी वाट पाहावी.

याच दहा दिवसांत बाकीच्या गोष्टी डोळ्यांखालून घातल्या. तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये पाहिले. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे आणि भाराखाली तो ७८च्या वर गेला नाही. तापलेला प्रोसेसर तसाही आधी वेग कमी करतो आणि अगदीच झाले तर संगणक फटकन बंद होतो. ब्लू स्क्रीन हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. ग्राफिक ड्रायव्हरकडे पाहायचे कारणच नव्हते.

एसएमपीएस मात्र सहज निर्दोष सुटू नये. १२ व्होल्टच्या ओळीला पाच टक्के सवलत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. मल्टिमीटरने मोजायचे ते संगणक भाराखाली असताना. रिकामा एसएमपीएस नेहमीच साधूसारखा वागतो. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्टेज हे बोर्डावरच्या स्वस्त सेन्सरचे असते, त्यावर निकाल देऊ नये. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातले अर्थिंग तपासावे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर सरकताना संगणक बंद पडत असेल, तर तो बदलीचा वेळ संगणकाला झेपत नाही. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे बटण असते, ते पाहावे. या सगळ्या विजेच्या तक्रारींची खूण एकच: ब्लू स्क्रीन न येता थेट रिस्टार्ट आणि केर्नेल-पॉवरमध्ये कोड शून्य.

एसएसडीची खूण आणखी वेगळी असते. ब्लू स्क्रीनवरची टक्केवारी शून्यावरच अडते, डंप लिहिलाच जात नाही, आणि रिस्टार्टनंतर बायोसला बूटची डिस्क सापडत नाही. वीज पूर्ण तोडून दोन मिनिटांनी चालू केले की ती परत दिसते. डंप लिहायला जागाच गायब झालेली असते, म्हणून मिनिडंप फोल्डर रिकामा. अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य आहेत का ते पाहावे, एसएसडी काढून नीट बसवावी, फर्मवेअर अपडेट आहे का शोधावे, आणि त्याआधी डेटा दुसरीकडे हलवावा. साटा (केबलने जोडलेली) डिस्क असेल तर सी७ क्रमांकाच्या ओळीतला सीआरसी चुकांचा आकडा वाढतो आहे का ते पाहावे. वाढत असेल तर शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलून काम भागते.

यानंतरच लिहिणाऱ्या दुरुस्त्या. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ आणि ते संपल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (हाच सिस्टम फाइल चेकर). क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलते तो साठाच आधी डिझम दुरुस्त करते. एसएफसीने काही फाइली बिघडलेल्या सापडल्याचे आणि दुरुस्त केल्याचे सांगितले. पुन्हा चालवली तेव्हा काही निघाले नाही. हीच दुरुस्ती खराब रॅमवर केली असती तर चांगल्या फाइलीही बिघडू शकल्या असत्या. मग ‘चेकडिस्क सी: /स्कॅन’. ही तपासणी विंडोज चालू असतानाच होते. ‘/एफ’ हा दुरुस्तीचा पर्याय नंतर, गरज असेल तरच.

विंडोज सुधारले, पण वैयक्तिक फाइलींचे काय? ३ क्रमांकाची रॅम बसवल्यापासून त्या संगणकातून जे जे कॉपी झाले त्यातले काहीही मुकाट्याने बिघडलेले असू शकते. रॅमच्या बिलावरची तारीख काढली आणि त्यानंतरच्या फाइली वेगळ्या केल्या. झिप फाइलींना सेव्हन-झिपमधली ‘टेस्ट’ चाचणी. मोबाइलमधून उतरवलेल्या फोटोंची पॉवरशेलच्या ‘गेट-फाइलहॅश’ने मोबाइलमधल्या मूळ प्रतींशी तुलना, दोन्हीकडचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळला तर प्रत बिनचूक. काही शे फोटोंपैकी दोन जुळले नाहीत. त्यातल्या एकात खालचा अर्धा भाग करडा झालेला, दुसरा डोळ्यांना व्यवस्थितच दिसत होता. बाहेरच्या हार्डडिस्कवरचा त्या तारखेआधीचा बॅकअप तसाच ठेवला. संशयातल्या काळात त्यावर नवा बॅकअप चढवला नव्हता, हे नशीब. क्रॅश सुरू झाले की घाबरून एकुलत्या एक बॅकअपवर नवी प्रत लिहिणे टाळावे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावून कॉपी करणे जास्त सुरक्षित.

मेमरी चाचणी स्वच्छ निघाली असती आणि कोड तसेच विखुरलेले राहिले असते, तर पुढची पायरी ड्रायव्हर व्हेरिफायर होती. ‘व्हेरिफायर’ चालवून फक्त मायक्रोसॉफ्टखेरीजचे ड्रायव्हर निवडायचे. तो त्यांच्यावर मुद्दाम कडक पहारा बसवतो आणि चूक करणाऱ्याला जागीच पाडतो, सहसा सी४ या कोडने आणि त्याच्या नावासकट. एक-दोन दिवस ठेवायचा, जास्त नाही, कारण संगणक मंदावतो. चालू करण्याआधी रिस्टोअर पॉइंट हवाच. बूट होतानाच क्रॅश होऊ लागला तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘व्हेरिफायर /रिसेट’. हा हुकूम आधीच कागदावर लिहून ठेवावा. गरज पडते तेव्हा तो शोधायला संगणक चालू नसतो.

३ आणि ४ या रॅम जोडीने घेतलेल्या होत्या, म्हणून वॉरंटीत दोन्ही एकत्र परत द्याव्या लागल्या. एकच पाठवली तर जोडी फुटते. सोबत मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो जोडला. ‘ब्लू स्क्रीन येते’ एवढ्या तक्रारीवर काउंटरवरचा माणूस रॅम बोर्डाला लावून विंडोज सुरू होते का ते पाहतो, होते म्हणून परत देतो. लाल ओळींच्या फोटोवर वाद झाला नाही.

बदलून आलेली जोडी बसवल्यावर विंडोज सुरू न करता आधी रात्रभर मेमटेस्ट. पास. तरी चारही रॅम ३२००वर ठेवून विंडोजमध्ये ओसीसीटीची मेमरी चाचणी चालवली, तेव्हा पाऊण तासाने एक चूक आली, आणि या वेळी बिट वेगळाच. यात नवल नव्हते. या पिढीच्या रायझनसाठी एएमडीने ३२००चा वेग दोन रॅमना दिला आहे. चारही स्लॉट भरले तर सिंगल रँक (चिपांचा एकच संच असलेल्या) रॅमना २९३३ आणि ड्युअल रँक (दोन संचांच्या) रॅमना २६६७. बायोसमध्ये एक्सएमपी चालू ठेवून फक्त वेग हाताने २९३३ केला. ओसीसीटी तीन तास, मेमटेस्टच्या चार फेऱ्या, चूक शून्य. २९३३ आणि ३२०० यांतला फरक घरच्या कामात घड्याळ लावूनही कळणार नाही. वहीत त्यानंतर एकच नोंद आहे: ब्लू स्क्रीन नाही, लाइट गेली होती.